माळावरचा निळ्या गळ्याचा सरडा: नाव काय, मुलूख कोणता?

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. माण तालुक्यात तुमच्या गावच्या गायरानावर एप्रिल-मे महिन्यात एक सरडा दिसतो. नर दगडावर चढून गळ्याखालची पिशवी उघडझाप करतो आणि ती निळी, काळी, केशरी अशी तिरंगी आहे. तुमच्याकडच्या जुन्या पुस्तकात तशाच सरड्याखाली 'सिटाना पाँटिसेरियाना' छापलंय. मोबाइलमधलं अॅप 'सरडा सुपर्बा' सांगतं. मित्र म्हणतो, काही नाही, हा 'डेक्कनेन्सिस'. त्यात बहिणीच्या गावी, नगरकडे, अगदी असाच पण पांढऱ्या गळ्याचा सरडा तुम्हाला दिसला. तेव्हा एकूण प्रजाती किती, कोणती कुठे, आपला कोणता आणि तो नवीन असू शकेल का, हे तुम्हाला हवंय. जाता जाता असंही विचारलंय की ग्रामपंचायत त्याच माळावर झाडं लावणार आहे, त्याचा या सरड्यांवर काय परिणाम होईल.

घाईत असाल तर एवढं वाचा. तुमच्या फोटोतला नर 'सरडा' याच नावाच्या कुळातला आहे, हे मी खात्रीने सांगतो. त्या कुळातल्या तीन प्रजातींपैकी कोणती, हे या फोटोवरून सांगणार नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला 'कशावरून?' एवढं जरूर विचारा. बहिणीच्या गावचा पांढऱ्या गळ्याचा मात्र दुसऱ्या कुळातला, 'सिटाना'तला. कुळ म्हणतोय ते जीनस या अर्थाने आणि प्रजाती म्हणजे स्पीशीज. २०१६ मध्ये नवं कुळ वेगळं काढताना संशोधकांनी आपला मराठी शब्दच उचलला, त्यामुळे मराठीत लिहिताना पंचाईत होते. म्हणून कुळाबद्दल बोलताना मी 'सरडा' अवतरणात लिहीन, बाकी साध्या सरड्याला साधाच.

आता तीन ठिकाणी तीन नावं का मिळाली ते बघू. तुमचं पुस्तक त्याच्या काळापुरतं बरोबर होतं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने १८२९ मध्ये पाँडिचेरीच्या सरड्यावरून 'सिटाना पाँटिसेरियाना' हे नाव दिलं. पुढे १८७० मध्ये जेर्डनने दख्खनच्या सरड्याला 'डेक्कनेन्सिस' म्हणून वेगळं काढलं. पण भारतातल्या सरड्यांवरच्या माल्कम स्मिथच्या १९३५ च्या ग्रंथात हे सगळे पुन्हा एकाच नावाखाली गेले. तो ग्रंथ इतका वजनदार होता की पुढची कित्येक दशकं कच्छपासून कन्याकुमारीपर्यंत गळ्याला पंखा, म्हणजे अशी उघडमीट होणारी पिशवी, असलेला कुठलाही सरडा दिसला की यादीत 'पाँटिसेरियाना' लिहून लोक मोकळे व्हायचे. अभयारण्यांच्या जुन्या याद्या, जिल्ह्यांची गॅझेटियर, महाविद्यालयांचे प्रकल्प, सगळीकडे तेच एक नाव.

इतकी वर्षं फरक कुणाला दिसलाच नाही का? दिसत होता. साताऱ्याच्या पठारावरचा नर आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा नर शेजारी ठेवले तर शाळकरी पोरगंही म्हणेल की हे वेगळे आहेत. पण संग्रहालयातल्या बाटलीत तसं राहत नाही. रसायनात ठेवलेल्या सरड्याचा रंग उडतो, पिशवी आक्रसून गळ्याला चिकटते आणि उरतात ते दोन मळकट तपकिरी प्राणी. जो फरक जिवंतपणीच, तोही वर्षातले काही महिने आणि फक्त नरांत दिसतो, तो बाटल्यांवर काम करणाऱ्यांच्या हाती लागणं अवघडच. रंगातला फरक वयाचा किंवा ऋतूचा समजून सोडून देणं त्यांना सोपं गेलं.

मग २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, के. प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पभरच्या या सरड्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराची मापं, खवल्यांची मोजणी आणि डीएनए, तिन्ही. त्यातून एक नवं कुळ आणि पाच नव्या प्रजाती निघाल्या. 'सरडा' कुळात 'सुपर्बा' आणि 'डार्विनी' या दोन नव्या, आणि जेर्डनची 'डेक्कनेन्सिस' पुन्हा उभी राहून त्यांना येऊन मिळाली. 'सिटाना'त 'लॅटिसेप्स', 'स्पायनेसेफॅलस' आणि 'व्हिसिरी' या तीन नव्या. म्हणजे तुमच्या मित्राने सांगितलेलं नाव दीडशे वर्षांचं आहे आणि अॅपने सांगितलेलं अगदी अलीकडचं. पुस्तक त्या दोन्हींच्या मधल्या काळातलं.

आता ओळखीकडे वळू. माळावर सरडा दिसला की मी पहिल्यांदा गळा बघत नाही, मागचा पाय बघतो. या दोन्ही कुळांच्या सरड्यांना मागच्या पायाला चारच बोटं असतात. कुंपणावरचा नेहमीचा सरडा, म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलर, पाच बोटांचा. माळरानावर जमिनीलगत राहणारा बुटका, जाडसर कॅलोटिस मायनर, तोही पाच बोटांचा. खडकांवर डोकं वरखाली करणारा रॉक अगामा, त्यालाही पाच. मादी किंवा पिल्लू असेल तर गळ्याला पंखा नसतोच, पाठीवर मधोमध गडद चौकटींची ओळ तेवढी असते, आणि ती इतर सरड्यांच्या नक्षीत सहज मिसळून जाते. अशा वेळी बोटं मोजणं हाच खात्रीचा उपाय. तुमच्या दुसऱ्या फोटोत पाय गवतात गेलाय, पण पहिल्यात चार बोटं स्वच्छ दिसतात.

चार बोटं ठरली की मग गळा. 'सिटाना'च्या नराची पिशवी एकंदर फिकट. पांढुरकी, मधून निळी रेघ किंवा निळा पट्टा, काहींत थोडे केशरी खवले. 'सरडा' कुळाच्या नराची पिशवी मोठी, पोटाकडे बरीच मागे गेलेली, कडेला दातेरी आणि रंगांनी भरलेली. त्यातला निळा चकाकता असतो, प्रकाशाच्या कोनानुसार बदलतो. सकाळी आठला घेतलेल्या फोटोत तो जांभळट वाटेल आणि अकराच्या उन्हात दुसऱ्याच छटेचा. त्यामुळे दोन फोटोंतल्या निळ्याची तुलना करून 'हा जास्त गडद म्हणजे अमुक प्रजाती' असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. तुमच्या प्रश्नाखाली एकाने नेमकं तेच केलंय.

हा सगळा थाट कशासाठी असतो तेही पाहून घ्या, कारण ओळखीला त्याचा उपयोग होतो. ऊन चढू लागलं की नर आपल्या टापूतला सगळ्यात उंच दगड गाठतो. पुढचे पाय ताठ करून छाती उचलतो, क्षणभर तसाच थांबतो आणि मग पिशवी पटापट उघडमीट करतो. एक फेरी झाली की अंग वळवून दुसऱ्या दिशेला तोंड करतो आणि पुन्हा तेच. मादी समोर असेल तर हा खेळ लांबतो. दुसरा नर आला तर आधी दोघे एकमेकांना पिशवी दाखवतात, आणि त्याने भागलं नाही तर धरपकड. घाबरला की मागच्या दोन पायांवर उभा राहून पळत सुटतो, ते बघण्यासारखं असतं. वळवाचे पाऊस सुरू होऊन मृगाची सर येईपर्यंत हे चालतं. पावसाळा नीट लागला की नरांचे रंग ओसरतात, पिशवी चिंचोळी होते, आणि तोच प्राणी त्याच दगडावर बसला तरी ओळखू येत नाही. ऑक्टोबरातल्या फोटोवरून 'गळा पांढरा आहे, म्हणजे सिटाना' असं ठरवू नका. बहिणीच्या गावचा फोटो तुम्ही मेमधला म्हणता, शिवाय पिशवी पूर्ण उघडलेली आहे आणि मधली निळी रेघ दिसते, म्हणून तिथे मला शंका नाही.

मग 'सरडा' कुळातल्या तिघांपैकी तुमचा कोणता? अॅपने 'सुपर्बा' का म्हटलं असेल याचा मला अंदाज आहे. अॅप आधी आलेल्या फोटोंवरून शिकतं आणि या कुळाचे सर्वाधिक फोटो साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठाराचे आहेत. छायाचित्रकार कासला जाऊन आले की मेमध्ये चाळकेवाडी करतात. 'सुपर्बा'ची मूळ नोंदही त्याच पठारावरची. त्यामुळे तिरंगी गळा दिसला आणि ठिकाण सातारा जिल्हा असलं की अॅप तिकडे झुकणारच. पण सातारा जिल्हा म्हणजे एक माळ नव्हे. चाळकेवाडी घाटमाथ्याच्या बाजूला, हजार मीटरच्या वर, जांभ्याचं पठार, पावसाळ्यात दिवसेंदिवस धुक्यात बुडालेलं. तुमचं माण पर्जन्यछायेत, मुरमाचं, बेसॉल्टच्या उघड्या कातळाचं, टँकरची वाट बघणारं. आमच्या कामात एका बाजूची प्रजाती दुसऱ्या बाजूला गृहीत धरत नाहीत. ती तिथे नसेलच असंही मी म्हणत नाही. पुरावा येईपर्यंत जागा मोकळी ठेवायची, एवढंच. आणि त्या दोन भूभागांच्या मधल्या डोंगरसोंडांवर काय आहे, हे बघायला हवं. तुमच्याकडे मोटरसायकल आणि मे महिन्याची सुट्टी असेल तर हे काम तुम्हीच करू शकता.

हे तिघे मुख्यतः पश्चिम महाराष्ट्र आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात मिळतात. त्यांना एकमेकांपासून वेगळं काढण्यासाठी शरीराची मापं लागतात, खवले मोजावे लागतात, पिशवी पोटाकडे किती टक्के मागे गेली आहे ते बघावं लागतं, आणि शेवटी डीएनए. चार फोटोंत यातलं एखाददुसरंच कळतं.

'सिटाना'चा मुलूख याहून खूप मोठा आहे आणि तिथल्या प्रजाती आता डझनाच्या आसपास जातात. 'पाँटिसेरियाना' हे नाव आता आक्रसून पूर्व किनाऱ्याच्या भागापुरतं राहिलं. तमिळनाडूतच 'व्हिसिरी' आहे. दक्षिण तमिळनाडूत शेतजमिनी आणि किनारा यांवर राहणारी 'मरुदमनेयदल' २०१६ मध्येच वेगळी झाली, तिला प्राचीन तमिळ संगम साहित्यातल्या मरुदम आणि नेयदल या दोन भूप्रकारांचं नाव दिलंय. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतली 'अॅटनबरोई' २०१८ ची. श्रीलंकेत 'बाहिरी' आणि 'देवकाई' २०१५ मध्ये नोंदल्या गेल्या. उत्तरेला गुजरात-मध्य प्रदेशच्या बाजूला 'स्पायनेसेफॅलस', आणि अगदी हिमालयाच्या पायथ्याशी, नेपाळच्या तराईत 'सिवालेन्सिस', तिचं नामकरण १९९८ चं. आंध्रातली 'थोंडालू' २०१८ ची. आपल्या दख्खनवर 'लॅटिसेप्स', म्हणजे रुंद डोक्याची. नगरकडचा तुमचा सरडा तिच्या जवळपासचा असण्याची शक्यता मी जास्त धरतो, पण इथेही माझा शब्द 'सिटाना' एवढ्यावरच थांबतो.

यात मला स्वतःला सगळ्यात रस आहे तो बेळगाव-बागलकोटच्या पट्ट्यात. २०१८ मध्ये गोकाकवरून 'गोकाकेन्सिस' आली, २०२० मध्ये उत्तर कर्नाटकातूनच 'धारवारेन्सिस'. एवढ्याशा भागात इतक्या प्रजाती कशा? कोल्हापूरहून खाली उतरत गेलात तर पायाखालची जमीन बदलताना दिसते. आधी दख्खनचा काळा बेसॉल्ट, त्याच्या माथ्यांवर जांभा. बेळगावच्या पुढे बेसॉल्ट संपत जातो आणि गोकाकच्या धबधब्यापाशी बघाल तर तांबूस वालुकाश्माचे थर उघडे पडलेले. आणखी पुढे धारवाडचे त्याहून कितीतरी जुने खडक. खडक बदलला की माती बदलते, दगडांचा आकार आणि रंग बदलतो, गवत बदलतं, बिळं खणण्याजोगी भुसभुशीत जागा कुठे मिळते ते बदलतं. जो प्राणी सगळं आयुष्य जमिनीला चिकटून काढतो त्याला याचा फरक पडणारच. प्रत्येक खडकाची वेगळी प्रजाती असं सरळ समीकरण मात्र मी मांडत नाही. 'स्पायनेसेफॅलस'सारखी प्रजाती भल्यामोठ्या प्रदेशात पसरलेली आहेच.

याच्या मागचं मोठं कारण कोरडेपणाचं. दीपक आणि कारंथ यांनी २०१८ मध्ये या गटाच्या वंशावळीवर काम प्रसिद्ध केलं. त्याचा गाभा असा, की मायोसीन काळात, म्हणजे साधारण सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वी, उपखंड जसजसा शुष्क होत गेला, उघडे मुलूख वाढले, तसतशी या सरड्यांची विविधता वाढत गेली. यांचे जवळचे नातलग, ओटोक्रिप्टिस कुळातले, श्रीलंकेत सावलीच्या जंगलात पाचोळ्यावर राहतात. म्हणजे सावलीतल्या घराण्याची एक शाखा उन्हात आली आणि तिथे फोफावली. म्हणूनच आज वितरणाचा नकाशा बघाल तर सह्याद्रीच्या दाट ओल्या जंगलाच्या जागी तो कोरा दिसतो. घाटमाथ्यावर हा गट भेटतो तो पठारांवर, जिथे कातळामुळे झाड उगवत नाही तिथे. दोन पठारांमध्ये दाट झाडीची दरी असली तर या सरड्याला ती पार करून पलीकडे जाणं जवळपास अशक्य.

नकाशाबद्दल आणखी एक इशारा. वितरणाच्या नकाशावरचे ठिपके म्हणजे जिथे सरडा आहे ते ठिकाण असं लोक धरतात. प्रत्यक्षात तो ठिपका म्हणजे जिथे योग्य महिन्यात कुणीतरी गेलं आणि लिहून ठेवलं ते ठिकाण. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या दुष्काळी पट्ट्यात निसर्गवेडे लोक मेच्या उन्हात फारसे फिरकत नाहीत. जून लागला की सगळे घाटात बेडूक बघायला. तेव्हा तुमच्या गावाच्या जागी नकाशा रिकामा दिसला तर त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. जुन्या यादीत 'पाँटिसेरियाना' दिसलं तर ते 'या दोन कुळांपैकी काहीतरी' असं वाचा. यादीबरोबर फोटो किंवा संग्रहालयातला नमुना नसेल तर त्या नोंदीचं आज नाव बदलताही येत नाही.

नवीन असू शकतो का? असू शकतो. पण तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही. 'पुस्तकातल्या चित्रापेक्षा केशरी जास्त आहे' हा मुद्दा धरून चालत नाही. एकाच माळावरच्या नरांत, एकाच नराच्या एप्रिल आणि जूनच्या गळ्यात तेवढा फरक पडतो. उलट 'गोकाकेन्सिस' आणि 'थोंडालू' या दिसायला आधीच्या प्रजातींशी इतक्या मिळत्याजुळत्या होत्या की डीएनए बघितल्याशिवाय त्यांचं वेगळेपण पक्कं झालं नसतं. नवी प्रजाती जाहीर करायची तर परवानगी घेऊन नमुने गोळा करणं, ते मान्य संग्रहालयात ठेवणं, आधी नाव दिलेल्या सगळ्या भाऊबंदांच्या मूळ नमुन्यांशी तुलना, जनुकीय विश्लेषण आणि मग तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध, एवढं सगळं पार पाडावं लागतं. तुम्ही एखादा सरडा पकडून बाटलीत घालून ठेवलात तर कायदा मोडेल आणि विज्ञानाला त्याचा कवडीचा उपयोग होणार नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण असे फोटो मला येतात.

तुम्ही करू शकाल ते काम वेगळं आहे आणि त्याची फार गरज आहे. मेमध्ये सकाळी नऊ ते अकरा या वेळात माळावर जा, एका ठिकाणी बसून राहा, पाठलाग करू नका. एका नराचे तीन-चार तऱ्हेचे फोटो हवेत: बाजूने, पिशवी पूर्ण उघडलेली आणि तिची मागची कड पोटापर्यंत कुठे जाते ते दिसेल असा, वरून, पाठ आणि डोकं, कानाच्या पडद्याच्या आसपासचे खवले जवळून, आणि मागचा पाय. एक फोटो आजूबाजूच्या जमिनीचा, त्यात दगड-गवत दिसू द्या. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना अॅपने सुचवलेलं प्रजातीचं नाव न घेता कुळापर्यंतच थांबा. चुकीचं नाव दिलेली नोंद पुढच्या माणसालाही चुकीचं शिकवते, आणि अॅपलाही. माद्यांचे फोटोही टाका. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे त्यांच्या नोंदी कमी आहेत. दगड उलटून मात्र बघू नका. उलटलेला दगड जसाच्या तसा परत बसत नाही आणि त्याखाली फुरसं असलं तर प्रश्न विचारायला तुम्ही राहणार नाही.

आता झाडांचं. चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या खाली काय होतं याचा अभ्यास मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात ते कमी झाले आणि 'सुपर्बा'ची संख्या वाढली. ऐकायला चांगलं वाटतं. पण त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते, दाटीमुळे अंगाने खालावलेले होते आणि नरांचे रंगही फिके पडले होते. म्हणजे पठारावर खांब उभे राहिले आणि परिणाम सरड्याच्या गळ्यापर्यंत पोचला. सरडे टिकले, कारण जमीन उघडी राहिली. वृक्षारोपणात तीच जाते.

सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक दिसली की तिच्यावर काहीतरी उगवलंच पाहिजे असा सगळ्यांचा आग्रह. झाडं लावू नका असं गावसभेत म्हणालात तर लोक वेड्यात काढतील, ते मला माहीत आहे. माणसारख्या तालुक्यात पाण्याची आणि सावलीची गरज खरी आहे. त्यामुळे विरोध न करता जागा बदलून मागा. ओढ्याच्या कडेला, रस्त्यालगत, शाळा आणि देवळाभोवती, पाझर तलावाखाली लावा. तिथे झाडं जगण्याची शक्यताही जास्त असते, हा मुद्दा सरपंचांना लवकर पटतो. माळाचा सपाट, दगडगोट्यांचा भाग सोडून द्या. तिथे ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ फोफावली तर सावली धरेल आणि हा सरडा त्या सावलीत राहणार नाही. त्याच्याबरोबर चंडोल, धाविक आणि खोकडही जातील. मेंढरं चरतात त्याची काळजी करू नका, बेताच्या चराईने माळ उघडा राहतो.

सलग समतल चर खोदायचे असतील तर वेळेचा प्रश्न आहे. सगळीकडे ते एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर खोदतात आणि माद्या नेमक्या त्याच सुमारास मऊ मातीत खणून अंडी घालतात. हेच काम दिवाळीनंतर, थंडीत झालं तर चर तसेच राहतात आणि अंडीही वाचतात. चरांच्या बांधासाठी माळावरचे मोठे दगड गोळा करू देऊ नका, नरांना चढायला तेच लागतात.

आणखी एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. बऱ्याच गावांत ती कपाटात पडून असते. ती मागून घ्या आणि त्यात गायरानाच्या गट क्रमांकासह या सरड्याची नोंद करा, कुळ 'सरडा', प्रजाती अनिश्चित, फोटो सोबत. वृक्षारोपणाचा ठराव येईल तेव्हा हातात दाखवायला कागद असेल. मागच्या पायाचे आणि कानाजवळचे फोटो मिळाले की इथेच टाका, आणि बहिणीच्या गावचं नाव-तालुका कळवा. तिथे दोन्ही कुळं एकाच माळावर आहेत का, हे मला बघायचं आहे.